संप्रेरक बोलतं, पेशी ठरवते

खुलताबाद तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करणारी आत्या आणि पुण्यात जैवरसायनशास्त्रात संशोधन करणारा तिचा भाचा, या दोघांचा हा वाद. विषय आहे शरीरातली स्टिरॉइड संप्रेरकं आणि त्यांना ओळखणारे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर. आत्याचं म्हणणं असं की रेणूंच्या गोष्टींवाचून गावातल्या बाईचं काही अडत नाही आणि स्टिरॉइडची जी भीती लोकांच्या मनात आहे ती तशीच राहिलेली बरी. भाच्याच्या मते ही भीतीच घात करते, आणि ग्राही कळला की औषध कळतं. दोघांच्याही हाती पुरावा आहे, म्हणून दोघांचंही पूर्ण ऐकून घ्यायला हवं.

आत्या : स्टिरॉइडची बाजू घ्यायच्या आधी माझ्या वस्तीत एक फेरी मार. मांडीला गजकर्ण झालं की लोक दुकानातून ट्यूब आणतात. चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. ट्यूब बंद केली की तेच गजकर्ण दुप्पट पसरतं. लग्न ठरलेल्या मुली गोरं व्हायला कसलीशी क्रीम लावतात आणि वर्षभरात चेहऱ्याची कातडी पातळ, लालभडक, उन्हात गेलं की आग. गुडघेदुखीच्या पुड्यांचं तर विचारूच नको. आठवडाभरात म्हातारं माणूस चालायला लागतं, भूक लागते, चेहरा गोल होतो. घरच्यांना वाटतं, तब्येत सुधारली. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून मी सरळ सांगते, स्टिरॉइड म्हणजे विष. लोकांना एवढं कळलं तरी पुरे.

भाचा : तू पाहिलंस ते सगळं खरं आहे, आत्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याचसाठी. पण ज्याला तू विष म्हणतेस ते तुझं शरीर रोज बनवतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्यातून कॉर्टिसॉल रोज रक्तात येतं, पहाटेनंतर सगळ्यात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी. ते बनणं थांबलं तर साध्या तापातसुद्धा रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. त्याच ग्रंथीतलं अल्डोस्टेरॉन अंगातलं मीठ सांभाळतं. बाईचं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, हीसुद्धा स्टिरॉइडंच. सगळ्यांचा जन्म एकाच पदार्थापासून, कोलेस्टेरॉलपासून.

आत्या : शरीर मापात बनवतं, पुडीवाला मापात देत नाही. भांडण मापाचं आहे. त्यात तुझ्या ग्राहीचा काय संबंध?

भाचा : नुसतं मापाचं असतं तर सोपं होतं. मला एक सांग. रक्त सगळ्या अंगातून फिरतं, त्यामुळे इस्ट्रोजेन स्तनापर्यंत पोचतं, गर्भाशयापर्यंत पोचतं, तसंच हाताच्या स्नायूपर्यंतही पोचतं. मग वयात येताना मुलीचं गर्भाशय आणि स्तन वाढतात, तसा तिचा दंड का वाढत नाही?

आत्या : हे बघ, गावात दवंडी पिटली की ती सगळ्यांच्या दारावरून जाते. 'उद्या शाळेत लसीकरण' म्हटलं की कडेवर पोर असलेली बाई कामाची मांडामांड बदलते. ज्या घरात लहान मूल नाही, तिथे कुणी मानही वर करत नाही. दवंडी एकच, पण ती कुणासाठी आहे हे घरावर ठरतं.

भाचा : अगदी हेच शोधायला शास्त्रज्ञांना विसावं शतक अर्धं संपेपर्यंत वाट पाहावी लागली. त्या काळी बहुतेकांना वाटायचं की इस्ट्रोजेन पेशीत शिरून विकरांबरोबरच्या रासायनिक क्रियेत भाग घेतं, त्या क्रियेत ते बदलतं आणि त्यातूनच परिणाम घडतो. शिकागो विद्यापीठातल्या एल्वूड जेन्सन यांनी उलट प्रश्न विचारला. संप्रेरक पेशीला काय करतं हे नंतर पाहू, आधी पेशी संप्रेरकाला काय करते ते बघू. त्यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला, म्हणजे ते शरीरात कुठे जातं हे मोजता येईल. कोवळ्या मादी उंदरांना ते टोचलं. रक्तातून आणि स्नायूंतून ते लवकर ओसरलं. गर्भाशयात मात्र ते साठून राहिलं आणि जसंच्या तसं राहिलं, त्यात काही रासायनिक बदल झाला नाही. याचा अर्थ गर्भाशयाच्या पेशींत त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. १९५८ साली त्यांनी हे व्हिएन्नाच्या परिषदेत मांडलं, तेव्हा समोर बसलेले श्रोते बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे १९८५ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने माणसातल्या कॉर्टिसॉलच्या ग्राहीचं जनुक वेगळं काढलं, आणि पाठोपाठ फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ यांच्या गटाने इस्ट्रोजेनच्या ग्राहीचं. या तिघांना २००४ मध्ये लास्कर पारितोषिक मिळालं.

आत्या : उंदरांचं ठीक आहे. माणसात हे खरं कशावरून?

भाचा : तुझ्या कामातलंच उदाहरण देतो. एखादी मुलगी सोळा-सतरा वर्षांची होते, स्तनांची वाढ नीट झालेली असते, पण पाळी येतच नाही. अशा मुलींपैकी काही थोड्यांच्या पेशींत पुरुषांसारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं सापडतात. त्यांच्या पोटात वृषणं असतात आणि ती भरपूर टेस्टोस्टेरॉन बनवतात. पण त्यांच्या टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीत जन्मतःच दोष असतो. संप्रेरक रक्तात फिरत राहतं, पेशींना त्याचा पत्ता लागत नाही. शरीर पोटातल्या बाळपणापासूनच मुलीचं घडतं. टेस्टोस्टेरॉन कमी पडलं नव्हतं, फक्त त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. ग्राही काय ठरवतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आत्या : (थोडं थांबून) अशी एक मुलगी माझ्या पाहण्यात आहे. कारण काय होतं ते मला कळलं नाही, तिला घाटी रुग्णालयात नेलंच नाही कुणी. बायका तिच्या आईला म्हणायच्या, गरोदरपणी काहीतरी चुकलं असेल हिचं. त्या माउलीने किती उपासतापास केले! अशा घरात जाऊन 'यात कुणाचा दोष नाही, हे जन्मापासूनचं आहे' एवढं मला खात्रीने सांगता आलं असतं, तर त्याचा उपयोग झाला असता. हे मान्य. पण हे विरळा झालं. रोजच्या कामाचं बोल. तो ग्राही करतो तरी काय?

भाचा : स्टिरॉइड संप्रेरकं चरबीत विरघळणारी असतात, म्हणून पेशीच्या आवरणातून आत शिरायला त्यांना अडचण पडत नाही. इन्सुलिनसारखं प्रथिन बाहेरच अडतं, त्याचा ग्राही आवरणावर असतो. स्टिरॉइडचा ग्राही पेशीच्या आत वाट बघत असतो. कॉर्टिसॉलचंच घे. त्याचा ग्राही रिकामा असताना काही मदतनीस प्रथिनं त्याला धरून ठेवतात, म्हणजे तो निष्क्रिय राहतो आणि तरीही संप्रेरक पकडायला तयार असतो. कॉर्टिसॉल त्याच्या पोकळीत बसलं की ग्राहीचा आकार बदलतो. मदतनीस सुटतात, ग्राही केंद्रकात जातो आणि बहुतेक वेळा दोन ग्राही जोडीने डीएनएवर बसतात. डीएनए धरायला ग्राहीला दोन खास घड्या असतात, प्रत्येक घडीत जस्ताचा एक अणू. डीएनएवर कुठेही बसून चालत नाही. पंधरा अक्षरांचा एक ठरावीक क्रम असतो, सहा अक्षरं, मध्ये तीन कुठलीही, आणि उलट बाजूने वाचल्यास तीच सहा अक्षरं. असा क्रम ज्या जनुकाच्या आसपास असेल त्या जनुकाचं काम ग्राही वाढवतो किंवा कमी करतो.

आत्या : म्हणजे स्टिरॉइड स्वतः काहीच करत नाही?

भाचा : ते ग्राहीला जागं करतं. पुढचं काम जनुकांचं. जनुक वाचलं जातं, त्याची प्रत निघते, प्रतीवरून प्रथिन बनतं. म्हणून या औषधांचे बरेचसे परिणाम दिसायला तास लागतात, कधी दिवस. काही परिणाम लगेचही दिसतात, कारण पेशीच्या आवरणाजवळही थोडं काम चालतं. पण मुख्य वाट केंद्रकातून जाते.

आत्या : आत्ता माझ्या कामाचं बोललास. सातव्या महिन्यात कळा सुरू झालेली बाई आली की उपकेंद्रातली सिस्टर डेक्साचं पहिलं इंजेक्शन देते आणि मग ग्रामीण रुग्णालयात किंवा घाटीत पाठवते. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं, प्रत्येकी सहा मिलिग्रॅम. मी नेहमी विचार करायचे, इतकी घाई कशाची, पोचल्यावर दिलं तर काय होतं?

भाचा : घाई याचसाठी. डेक्सामेथासोन हे माणसाने बनवलेलं, कॉर्टिसॉलच्याच ग्राहीत बसणारं पण कितीतरी जोरकस स्टिरॉइड आहे. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या फुप्फुसातल्या पेशींमधले ग्राही जागे होतात, आणि फुप्फुसांचे बारीक फुगे श्वासागणिक मिटून चिकटू नयेत म्हणून जो स्निग्ध पदार्थ लागतो, तो बनवण्याचं काम वेगाने सुरू होतं. फुप्फुसाची रचनाही पक्व होते. हे सगळं जनुकांमार्फत चालतं, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. बाळ जन्मायला जितके तास उरलेत तितका फायदा. न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांना हे मेंढीच्या कोकरांवर काम करताना दिसलं. डेक्सा दिलेली कोकरं इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेत होती, हे त्यांना नवल वाटलं. १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी बायांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष छापले.

आत्या : मग मला हे सांग. वारेतून डेक्साच का जावं? आईचं कॉर्टिसॉल का जात नाही? गरोदर बाईला काळजी थोडी असते का? सासरचा ताण, शेतातलं काम, अंगात कॉर्टिसॉल वाढत असेलच.

भाचा : फार चांगला प्रश्न. वारेत एक विकर असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निकामी करून मगच पुढे जाऊ देतं. डेक्सावर त्याचा जोर चालत नाही, म्हणून पोटातल्या बाळासाठी हेच औषध निवडतात. तेच विकर मूत्रपिंडातही असतं, आणि तिथली गोष्ट तर फारच सुरेख आहे. मूत्रपिंडातला मीठ सांभाळणारा ग्राही खरं तर अल्डोस्टेरॉनसाठी. पण त्याला अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांतला फरक कळत नाही, दोन्ही सारखीच घट्ट बसतात. रक्तात कॉर्टिसॉल तर कितीतरी पटींनी जास्त. मग तो ग्राही कायम कॉर्टिसॉलनेच भरलेला का नसतो? कारण ते विकर त्या पेशीत शिरलेलं कॉर्टिसॉल आधीच निकामी करतं. १९८८ मध्ये हे उलगडलं. आता तुझ्या घरातली एक वस्तू सांगतो, जेष्ठमध.

आत्या : जेष्ठमधाचं काय? खोकल्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देतो. झाडपाल्याचं औषध, त्याने कुणाचं वाईट होत नाही.

भाचा : कांडी चघळली म्हणून काही होत नाही. पण जेष्ठमधातला गोड पदार्थ नेमकं तेच विकर बंद पाडतो. कुणी आठवडेच्या आठवडे भरपूर जेष्ठमध घेतलं, तर मूत्रपिंडात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी बसतं. अंगात मीठ आणि पाणी साचतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यात बाहेरून एक थेंबही स्टिरॉइड घेतलेलं नाही. नाव घरगुती आहे की विलायती, हे ग्राहीला कळत नाही. रक्तदाबाच्या माणसाला आणि गरोदर बाईला जेष्ठमध जपूनच द्यायला हवं, हे तुझ्या वहीत लिहून ठेव.

आत्या : लिहिते. मात्र तूही एक लिही. तू म्हणालास, ग्राही कळला की औषध कळतं. पाळणा लांबवायला माझ्याकडे छायाच्या गोळ्या असतात आणि अंतराचं इंजेक्शन सिस्टरकडे. छाया तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. एका बाईला काही त्रास नाही, दुसरीची पाळी लांबते, तिसरी घाबरून चौथ्या आठवड्याला सोडून देते. गोळी तीच, डबी तीच. तुझ्या ग्राहीच्या गोष्टीत या तिसऱ्या बाईचं उत्तर आहे का?

भाचा : पूर्ण नाही, पण बरंचसं आहे. छायातलं औषध, ऑर्मेलोक्सिफीन, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालं. १९९१ मध्ये ते 'सहेली' नावाने बाजारात आलं आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात 'छाया' नावाने मिळतं. गंमत म्हणजे ते मुळात स्टिरॉइड नाही. तरीही इस्ट्रोजेनच्या ग्राहीत जाऊन बसतं. मात्र बसल्यावर ग्राहीचा आकार इस्ट्रोजेनने होतो तसा होत नाही. ग्राहीच्या एका टोकाला एक छोटा भाग असतो, इस्ट्रोजेन बसलं की तो पोकळीवर नीट मिटतो आणि त्यामुळे सहायक प्रथिनांना जोडायला जागा तयार होते. अशा औषधाने तो भाग नीट मिटत नाही. मग पुढे काय होणार हे त्या पेशीत कोणती सहायक प्रथिनं किती आहेत यावर ठरतं. गर्भाशयाच्या अस्तरात ही गोळी इस्ट्रोजेनला विरोध करते, अस्तर आणि गर्भ यांचा मेळ बसत नाही, गर्भ रुजत नाही. हाडात मात्र ती थोडीशी इस्ट्रोजेनसारखीच वागते. अंडं तयार होणं ती सहसा थांबवत नाही.

आत्या : म्हणजे एकाच गोळीला गर्भाशय 'नाही' ऐकतं आणि हाड 'हो' ऐकतं.

भाचा : हो. आणि हेच छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रोज कामाला येतं. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासताना त्यात इस्ट्रोजेनचे आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आहेत का, हे पाहतात. इस्ट्रोजेनचे ग्राही असतील तर त्या गाठीला इस्ट्रोजेन पोसतं, आणि तिथे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काम करते. ग्राहीच नसतील तर ती गोळी देण्यात अर्थ नाही. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखं वागू शकतं. म्हणून ती गोळी घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर दुर्लक्ष करायचं नसतं.

आत्या : हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या गावात दोघी ती गोळी घेतात.

भाचा : मग त्या दोघींना सांग. अंतराचंही तसंच. ते प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीत बसणारं औषध, १५० मिलिग्रॅम, तीन महिन्यांतून एकदा. मेंदूतले ग्राही ते ऐकतात, पीयूषिका ग्रंथीचा इशारा थांबतो आणि अंडं सुटत नाही. गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं, म्हणून आधी अवेळी डाग दिसतात आणि पुढे अनेकींची पाळी थांबते. रक्त आत साठून राहतं म्हणून पाळी थांबते, असं बायांना वाटतं. तसं काही साठत नाही, कारण साठायला अस्तरच तयार झालेलं नसतं.

आत्या : ही भीती मी घरोघरी ऐकते. आणि हे तू आत्ता सांगितलंस तसंच सांगितलं तर बाई ऐकेल. पण बाळा, एक गोष्ट तू टाळतो आहेस. इतकं सगळं ठाऊक असूनही तुमच्या शास्त्राला असं स्टिरॉइड बनवता आलं का, जे सूज उतरवेल आणि साखर वाढवणार नाही?

भाचा : पूर्णपणे नाही. सूज आणणाऱ्या जनुकांना गप्प करणं आणि यकृतात साखर बनवणाऱ्या जनुकांना जागं करणं, ही दोन्ही कामं एकाच ग्राहीची आहेत. यांची फारकत करायचा प्रयत्न अनेक कंपन्यांनी अनेक वर्षं केला, पण हवं तसं यश आलेलं नाही. तुझ्या गजकर्णाचंही तेच. लाली आणि खाज ही शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई थांबवतं, म्हणून बरं वाटतं. बुरशी मात्र जिवंत असते आणि तिला रान मोकळं मिळतं.

आत्या : म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. ज्याचा गुण आणि दोष वेगळे करता येत नाहीत, त्याची भीतीच बरी.

भाचा : करोनाच्या वेळी भीती किती उपयोगी पडली ते आठव. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सा, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक-तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत सुमारे एक-पंचमांशाने. इतकं स्वस्त औषध, इतके जीव वाचले.

आत्या : आणि दुसऱ्या लाटेत? ताप आला की पहिल्या दिवसापासून गोळ्या सुरू. साखर पाचशेच्या घरात. मग म्युकर, ती काळी बुरशी. घाटीत डोळा काढलेली, जबडा काढलेली माणसं मी पाहिली आहेत. तीही याच औषधाच्या अतिरेकाने.

भाचा : तेही त्याच चाचणीत होतं, आत्या. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना डेक्साचा काहीच फायदा दिसला नाही. सुरुवातीला विषाणूशी लढणारी ताकद हवी असते, तेव्हा ती दाबायची नसते. पुढे तीच ताकद स्वतःच्या फुप्फुसावर उलटते, तेव्हा दाबायची असते. औषध तेच आणि ग्राहीही तोच, दिवस तेवढा वेगळा. लोकांनी 'स्टिरॉइड' हे नाव ऐकलं, 'कधी' हे ऐकलं नाही.

आत्या : 'कधी' म्हणतोस तर मला माझं एक प्रशिक्षण आठवतं. डेक्सा चोवीस ते चौतीस आठवड्यांतच, असं ठासून सांगितलं होतं. मी विचारलं, जरा पुढेमागे झालं तर काय बिघडतं? नीट उत्तर मिळालं नाही.

भाचा : त्याचं उत्तर नागपूर आणि बेळगावकडे आहे. 'अॅक्ट' नावाची एक मोठी चाचणी झाली, सहा देशांत. भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. गावपातळीपर्यंत डेक्सा पोचवायचं आणि किती बाळं वाचतात ते बघायचं, हा हेतू. २०१४-१५ मध्ये निकाल छापला गेला. अगदी लहान बाळांत मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर औषध पोचवलेल्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे साडेतीन मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला. ज्यांना इंजेक्शन दिलं, त्यांच्यातल्या बहुतेक बाया वेळेआधी बाळंत झाल्याच नाहीत. म्हणजे ज्या बाळांना त्याची गरज नव्हती, त्यांच्याही पेशींना ते औषध पोचलं.

आत्या : (हळू आवाजात) साडेतीन. हजारामागे. म्हणजे तालुक्यात वर्षाला किती, याचा हिशोब करवत नाही.

भाचा : पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत घेतलेल्या चाचणीचा निकाल आला. त्यात २,८५२ बाया होत्या. यावेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले, बाळंतपण खरंच जवळ आलंय याची खात्री केली, आईला जंतुसंसर्ग नाही हे पाहिलं, जन्मलेल्या बाळाची नीट काळजी घेता येईल अशीच रुग्णालयं निवडली. औषध तेच, डेक्सा. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

आत्या : म्हणजे दोन्ही चाचण्यांत ग्राही बदलला नव्हता.

भाचा : नव्हता.

आत्या : बदललं ते आठवडे मोजणं आणि बाईला पारखणं. मग ऐक आता. नव्या सुनेला दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांत तिची नोंद व्हावी म्हणून मी ज्या चकरा मारते, 'शेवटची पाळी कधी आली' हे सासूसमोर न विचारता तिला बाजूला घेऊन विचारते, मग लवकर सोनोग्राफीला पाठवते, ते सगळं मला कागद भरणं वाटायचं. वरचे लोकही तसंच वागवतात, आकडा द्या आणि मोकळ्या व्हा. तुझं औषध ज्या तारखेच्या आधाराने बरोबर बाळापर्यंत जातं, ती तारीख पहिल्यांदा मी लिहिते. ती चुकली तर पुण्याच्या प्रयोगशाळेतला कुठलाही ग्राही ते बाळ वाचवू शकणार नाही.

भाचा : आणि मला आजवर वाटत होतं की रेणूचा आकार नेमका सांगता आला की अचूकता आली.

आत्या : तुझ्या आकाराला मी कमी लेखत नाही. आकार कळला म्हणून औषध बनलं. पण पेशी कोणती, आठवडा कितवा, औषध किती दिवसांचं, हे विचारणारं माणूस लागतं, आणि ते माणूस गावात असतं. आता माझ्या भीतीबद्दलही बोलू. मी लोकांना 'विष आहे' म्हणून सांगते. त्यातल्या कुणी वर्षभराच्या पुड्या घाबरून एका दिवसात बंद केल्या तर?

भाचा : मेंदूत आणि पीयूषिका ग्रंथीतही कॉर्टिसॉलचे ग्राही असतात. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की ते ग्राही 'पुरेसं आहे' असं ऐकतात आणि अधिवृक्क ग्रंथीला काम करायला सांगणं थांबवतात. ती ग्रंथी आक्रसते. पुड्या एकदम थांबल्या की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. तेव्हा उलट्या, अशक्तपणा, रक्तदाब कोसळणं, कधी मृत्यू. म्हणून बराच काळ घेतलेलं स्टिरॉइड डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं.

आत्या : मग 'विष' हा शब्द मी सोडला. भीतीने जो माणूस औषध फेकून देतो, त्याचा जीव माझ्या शब्दाने जाऊ शकतो. पुढच्या प्रशिक्षणात मी उभी राहून मागणी करणार आहे की आम्हाला गोळ्यांची नुसती नावं आणि मात्रा शिकवू नका. हे औषध कोणत्या पेशींना ऐकू जातं, कोणत्या दिवसांत उपयोगाचं आणि कोणत्या दिवसांत घातक, आणि बंद कसं करायचं, हे आमच्या भाषेत शिकवा. आम्ही गर्भवतीची तारीख अचूक लिहू, त्याची किंमत आम्हाला आता कळली आहे. तुम्हीही तो आकडा वर पाठवण्यापुरता वापरू नका, बाईच्या औषधाचा आधार म्हणून वापरा.